गल्लीच्या आवाजांची वही

बांबूताई हे नाव पाडलं केंद्रातल्या मेकअपवालीनं. प्रादेशिक प्रसारण केंद्राच्या नाट्यविभागात ताई एकोणीस वर्षं बूम धरत होती. म्हणजे बांबूसारख्या लांब दांडीच्या टोकाला माइक लावून तो बोलणाऱ्या नटांच्या डोक्यावर, पण कॅमेऱ्याला दिसणार नाही असा तरंगत ठेवायचा. वीस-वीस मिनिटं हात वर, आणि दांडीची सावलीसुद्धा पडता कामा नये. बाईमाणसाला हे काय झेपणार, असं म्हणणारे दोघं-तिघं होते. त्यांचे खांदे तिच्या आधी निवृत्त झाले.

मग वरून पत्र आलं आणि नाट्यविभाग बंद पडला. बातम्यांना बूम लागत नाही. ताई एका सभागृहात स्पीकर लावायच्या कामाला लागली. दिवसभर ‘हॅलो, एक, दोन, तीन’ म्हणायचं आणि घरी यायचं. नणंद राजधानीत राहायची, तिचा नवरा तिथल्या स्टुडिओत इलेक्ट्रिशियन. इकडे ये, कामाला तोटा नाही, असा तिचा दर आठवड्याला फोन. ताईचा नवरा शाळेची बस चालवायचा. तो म्हणायचा, तू म्हणशील तसं. त्यानं ताईची जास्तच पंचाईत व्हायची, कारण आपल्याला काय म्हणायचंय हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

अशी दोन वर्षं गेली आणि बाहेरची एक सिनेमा कंपनी शहरात शूटिंगला आली. सरकारी सवलत हवी तर निदान एक तृतीयांश माणसं इथलीच घ्यायची, अशी अट होती. प्रॉडक्शन मॅनेजरनं ताईला बोलावून नाव लिहून घेतलं आणि गोड शब्दांत समजावलं, की बूम धरणारा आम्ही आणलाय. तुम्ही रोज यायचं, सही करायची, खुर्चीत बसायचं. पगार पूर्ण मिळेल.

नवरा म्हणाला, बरंय की, बसून पगार. त्या दिवशी ताईच्या हातून भांडी जरा जोरात आपटली गेली.

शूटिंग सुरू व्हायला चार दिवस होते. कापडबाजारामागच्या गल्लीतलं एक दुमजली घर ठरलं होतं. ताईनं सभागृहातून रजा काढली, वही घेतली आणि तीन दिवस त्या घराच्या पायरीवर जाऊन बसली. डोळे मिटून ऐकायची आणि लिहायची. सव्वानऊला समोरच्या लाकडाच्या कारखान्यातली करवत सुरू, साडेअकराला बंद, दोनला पुन्हा सुरू. दहा वीसला शाळेची घंटा. शेजारच्या आजींची पाण्याची मोटर दर पाऊण तासानं, सहा मिनिटं. मागच्या गच्चीवर कबुतरं, ऊन चढलं की गप्प. गल्लीतले लोक विचारायचे, कुणाची वाट बघताय? बोलता बोलता आजींशी ओळख झाली, कारखान्याच्या मालकाशीही.

पहिल्याच दिवशी करवतीनं सात टेक खाल्ले. मॅनेजर तावातावानं कारखान्यात गेला आणि मालक हट्टाला पेटला. बाहेरून आलेला साउंड रेकॉर्डिस्ट कानावरचे हेडफोन काढून कपाळ धरून बसला. तेव्हा ताई खुर्चीतून उठली आणि वही त्याच्यापुढे धरली.

“काय आहे हे?”

“गल्लीचे आवाज, वेळेसकट. लांब संवाद साडेअकरा ते दोनमध्ये घ्या. मोटरवाल्या आजी टाकी आधीच भरून ठेवतील, मी बोललेय. आणि कारखान्यात मी जाते. तो माणूस वाईट नाही, त्याच्यावर आवाज चढवलेला चालत नाही एवढंच.”

रेकॉर्डिस्टनं दोन पानं वाचली, मग मॅनेजरकडे वळून म्हणाला, “ह्यांना खुर्चीत कुणी बसवलंय?”

ताई कारखान्यात जाऊन आली. दुपारनंतर तिथं करवतीऐवजी पॉलिशचं काम निघालं. घरात सहा जणांच्या जेवणाचा प्रसंग होता, तिथे एक बूम पुरणारच नव्हता. दुसरा ताईच्या हातात आला. दोन वर्षांनी दांडी उचलली. चौथ्या मिनिटाला दंड थरथरायला लागले. तिनं दात आवळले, श्वास मोजला आणि प्रसंग संपेपर्यंत माइक ढळू दिला नाही. घरी नवऱ्यानं तिच्या खांद्यांना मलम चोळलं.

कंपनी निघायच्या आदल्या दिवशी मॅनेजरनं जरा संकोचून विचारलं, तुमच्यासारखी आणखी माणसं आहेत का इथे? ताईनं केंद्रातल्या जुन्या माणसांना फोन लावले. मेकअपवाली पार्लर चालवत होती, नेपथ्याचा सुतार शाळांचे बाक करत होता. दोघंही लगेच हो म्हणाले. लाइटवाल्यानं मात्र नाही म्हटलं. मोटरदुरुस्तीचं दुकान बरं चाललंय, पुन्हा त्या फंदात पडायचं नाही, म्हणाला.

रेकॉर्डिस्टच्या शब्दावर पाच महिन्यांनी एक मालिका आली. इथली अकरा माणसं लागली, आणि त्यातलं कुणीही नुसतं खुर्चीत बसवायला नव्हतं. वर्षभर काम असतं असं नाही. रिकाम्या आठवड्यांत ताई आजही सभागृहात स्पीकर लावते. पण नणंदेला तिनं सांगून टाकलं, मी येत नाही. नणंद हळूच म्हणाली, “तिकडे इलेक्ट्रिशियन लागतात का गं?”

मालिकेच्या दुसऱ्या आठवड्यात लाइटवाला ‘सहज बघायला’ म्हणून आला. दुपारपर्यंत हाताची घडी घालून भिंतीशी उभा होता. मोठ्या दिव्याचा स्टँड कलल्यासारखा वाटला, तसा तो पुढे झाला, पायाशी वाळूची पिशवी टाकली, दिवा बोटभर वळवला आणि नटीच्या चेहऱ्यावर पडलेल्या उजेडाकडे बघत राहिला. संध्याकाळी दुकान उघडायला तो गेलाच नाही. दिव्यांच्या वायरी गुंडाळत बसला होता.