लाल पडलेले वेफर्स

परवापर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. तुम्ही तरी ऐकून घ्या.

आमच्या घरात बटाट्याचे वेफर्स म्हणजे मी. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवायचे, डब्यात भरायचे आणि पाहुणे आले की तळायचे — पांढरेशुभ्र, कुरकुरीत. सासूबाई गल्लीभर कौतुक सांगायच्या आणि मी उगाच पदर सारखा करायचे. खोटं कशाला बोलू, त्या कौतुकावरच मी जगत होते.

मग धाकटी जाऊ आली. सुमन, गारगोटीची. हसरी, कामाला वाघ. बघता बघता सासूबाईंना तिचा लळा लागला. पुढच्या उन्हाळ्यात सुमन म्हणाली, "अक्का, औंदा वेफर्स मी करू? तुम्ही फकस्त सांगा की."

सांगितलं की. तुरटी किती, उकळी किती, सगळं. फक्त बटाटा कुठला घ्यायचा — ते नाही. कोल्ड स्टोरेजचा बटाटा गोडसर असतो, तळला की लाल पडतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. लक्ष्मीपुरीच्या बाजारात तिनं नेमका त्याच ढिगात हात घातला, तेव्हा पिशवी धरून मी शेजारीच उभी होते. एक शब्द बोलायला काय लागत होतं?

तिच्या माहेरची माणसं आली, त्या दिवशी तिचेच वेफर्स कढईत पडले. सगळा घाणा लाल. "हिच्या हातालाच गुण न्हाय," सासूबाई तिच्या आईसमोर बोलून गेल्या. सुमन आत उभ्यानं ते वेफर्स एकटीच खात होती, वाया जाऊ नयेत म्हणून. मला वाईट वाटलं का? नाही. बरं वाटलं.

त्यानंतर तिनं वेफर्स केले नाहीत. सासूबाई गेल्या, तिची मुलगी कॉलेजात गेली, तरी विषय निघाला की सुमन हसून म्हणायची, माझ्या हाताला गुण न्हाय. मी गप्प. इतकी वर्षं — गप्प.

परवा तिच्या मुलीला वेफर्स शिकायची हुक्की आली. मग स्वतःच म्हणाली, जाऊ दे, आईच्या हाताला नाही तर माझ्या कुठून असणार? ते ऐकलं आणि माझ्याच्यानं राहवेना. दोघींना समोर बसवून सगळं सांगितलं. ढीग, पिशवी, आणि बरं वाटलं होतं तेसुद्धा. सुमन "व्हय?" एवढंच म्हणाली आणि उठून गेली.

आज सकाळी मायलेकी बाजारात जाऊन बटाटे घेऊन आल्या. आत्ता वर गच्चीत चकत्या पसरतायत. दोघींच्या हसण्याचा आवाज जिन्यातून खाली येतोय. मला बोलावलेलं नाही. मी वर गेलेले नाही.