बारा दिवसांवर भरती

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की स्वतःचाच राग येतो. नोकरीत दरोडे उघडकीस आणले, खुनातले आरोपी दुसऱ्या राज्यातून धरून आणले. त्या गोष्टी मी पाहुण्यांना तिखटमीठ लावून सांगतो. ही मात्र बायकोलाही अर्धीच सांगितली आहे.

तेव्हा मी वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे दारूचं दुकान नाही, एवढंच. बाकी शेजारच्या जिल्ह्यातून ती गाडीच्या डिकीत येते, दुधाच्या कॅनमध्ये येते, कॉलेजच्या पोरांच्या पाठीवरच्या बॅगेतूनही येते. सकाळी नाल्याकाठी दारूसाठी आंबवलेला मोहाचा सडवा ओतून द्यायचा, दुपारी पंचनामा लिहायचा, आणि संध्याकाळी तोच आरोपी जामिनावर सुटून ठाण्यासमोर चहा पिताना बघायचा, हा आमचा दिनक्रम. या धावपळीत एक खोड लागते. दारूचं प्रकरण आलं की बाटली कोणी विकली एवढंच डोक्यात येतं. प्यायलेल्या माणसाचं काय झालं, हे शेवटी.

एका रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास दवाखान्यातून मेमो आला. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, वय एकवीस, आणण्यापूर्वीच मृत, तोंडाला दारूचा वास. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल करून मी पिपरी मेघेतली त्याची खोली गाठली. समुद्रपूर तालुक्यातल्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला हा मुलगा दोन वर्गमित्रांसोबत भाड्याने राहायचा. भिंतीवर सोळाशे मीटर धावण्याच्या वेळा लिहिलेला कागद होता, रोजची तारीख टाकून. खाटेखाली फडक्यात बांधलेल्या मटकीला मोड आले होते. पोलीस भरतीची मैदानी चाचणी बारा दिवसांवर होती. ओळखीचे सगळे सांगत होते की हा पोरगा सुपारीसुद्धा खात नव्हता.

आणि खोली फिनाईलने पुसलेली होती. रविवारी संध्याकाळी पोरांची खोली फिनाईलने पुसलेली मी उभ्या नोकरीत पहिल्यांदा पाहिली.

दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन करणारे डॉक्टर म्हणाले, "साहेब, सवय नसलेल्या माणसाने भरभर प्यायली. बेशुद्ध पडला, उताणाच राहिला, उलटी श्वासनळीत गेली. पण दुपारभर जीव होता त्याच्यात. वेळेवर आणला असता तर वाचला असता."

दवाखाना त्या खोलीपासून दहा मिनिटांवर आहे. धडधाकट पोरगा दुपारभर दहा मिनिटांवरच्या दवाखान्यात का पोचला नाही, एवढंच मला शोधायचं होतं. समुद्रपूरहून आलेल्या त्याच्या वडिलांनीही तेच विचारलं होतं, दुसरं काही नाही.

दोन्ही मित्रांनी वेगवेगळ्या खोलीत एकच जबाब दिला. "तो जेवून झोपला होता, आम्ही बाहेर गेलतो, साडेपाचले आलो तं उठेना." शब्दाला शब्द जुळत होता. एकच घटना पाहिलेल्या दोन माणसांची वाक्यं कधी इतकी जुळत नाहीत. जुळली की समजावं, पाठांतर झालंय. मला वाटलं भांडण झालं असेल, पोरांनी जबरदस्तीने पाजली असेल. मी त्या दिशेने चौकशी लावली आणि दोन दिवस वाया घालवले.

तिसऱ्या दिवशी त्यांना जेवणाचे डबे देणारी बाई ठाण्यात आली. महिला शिपाई तिच्या ओळखीची होती, म्हणून धीर केला म्हणे. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"साहेब, रविवारी दीड वाजता मी डबा घेऊन गेलती. दार उघडलंच नाई पोट्ट्यांनी. म्हणे, काकू, त्याले बरं नाई, डबा बाहेरच ठेवा. आतून घरघर येत होती."

"घोरत असेल."

"घोरणं नाई ते. माहा नवरा दारूतच गेला, साहेब. तो आवाज मले झोपेतही ओळखू येते." तिचे डोळे भरून आले. "मी दार ढकलाले पाह्यजे होतं. अजून आठ डबे पोचवायचे होते न मले."

म्हणजे दीड वाजता पोरं खोलीतच होती. मी दोघांच्या फोनचे तपशील मागवले. त्यातल्या एकाच्या, सेलूच्या किराणा दुकानदाराच्या मुलाच्या फोनवरून दोन वाजता एकशे आठला, म्हणजे रुग्णवाहिकेला, फोन लागला होता. काही सेकंदांत कापलेला. तीन वाजता पुन्हा तेच.

त्याला समोर बसवलं. पट्टा काढला नाही, आवाजही चढवला नाही. अशा पोरांना ओरडलं की ती दगड होतात. पाणी दिलं, कागद पुढे ठेवला आणि दोन्ही वेळांवर बोट ठेवलं.

त्याने कागद स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाला, "लावला होता सर. त्या मॅडमनं विचारलं, पेशंटले काय झालं. म्या कापला."

"का कापला?"

"दारू म्हणावं लागलं असतं न."

"मग म्हणायचं! मित्र मरत होता तुझा!"

"आम्हाले वाटलं उतरून जाईन. लिंबू पाजलं, दही चारलं. तो शुद्धीवर होता तवा त्यानंच हात धरला माहा. म्हणे, दवाखान्यात नको नेऊ, माही भरती जाईन. त्याच्या सख्ख्या मामानं पहिल्यांदा पाजली होती त्याले, लग्नात. त्या दिवशी आमीच आग्रह केला. पेपर संपले होते, बस एवढंच." तो रडायला लागला. "आमी त्याची भरती वाचवून राह्यलो होतो सर."

"दवाखान्यात नेल्याने भरती जाते, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्याने वर पाहिलं. त्या नजरेत उद्धटपणा नव्हता, तेच जास्त लागलं.

"तुम्हीच सांगतलं होतं न सर. कॉलेजात."

महिनाभरापूर्वी त्यांच्या कॉलेजात व्यसनमुक्तीचा कार्यक्रम झाला होता आणि प्रमुख पाहुणा मी होतो. आरोग्याचं, व्यायामाचं चार वाक्यांत उरकून मी आवाज चढवला होता. प्यायलेले सापडलात तर कोणाचा मुलगा ते बघणार नाही. दवाखान्यात गेलात तरी मेमो माझ्याच टेबलावर येतो. एक गुन्हा लागला की चारित्र्य पडताळणीत शेरा, सरकारी नोकरी विसरा. टाळ्या पडल्या. शाल मिळाली, नारळ मिळाला. पहिल्या रांगेत भरतीची तयारी करणारी पोरं बसली होती. त्यांनी माझा शब्द न् शब्द ऐकला होता.

जबाब लिहिणारा हवालदार पेन उचलून माझ्याकडे बघत होता. वीस वर्षं नोकरी झालेला जुना माणूस. हळूच म्हणाला, "साहेब, हे लिहू काय?"

मी म्हणालो, "भीतीपोटी दवाखान्यात नेले नाही, असं लिहा."

त्याने तसं लिहिलं. भीती कोणाची, हे त्या कागदावर कुठेच नाही. कायद्याच्या दृष्टीने वाक्यात खोटंही काही नाही. अशी वाक्यं घडवण्यात आमचा हात कोणी धरणार नाही.

पुढचं सगळं रीतसर झालं. बाटली विकणारा सापडला, त्याच्याकडे चार पेट्या मिळाल्या, मुद्देमालासोबत माझा फोटो पेपरात आला. वरिष्ठांनी प्रशंसापत्र दिलं. ते मी घेतलं, हेही लिहून टाकतो.

सामान न्यायला वडील आले तेव्हा मी त्यांना जबाबातलं तेच वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "गुन्हा लागला असता, तं काय झालं असतं साहेब?"

"त्याच दिवशी जामीन झाला असता. मग कोर्टात तारखा. दंडावर मिटलं असतं बहुतेक."

"बस इतकंच?" ते कपड्यांची पिशवी उचलत म्हणाले. "मी गेलो असतो न त्याच्यासंगं तारखेले."

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी शिपायाला त्यांना बसस्टँडवर सोडायला सांगितलं आणि फाईल बंद केली.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मी समुद्रपूरच्या आठवडी बाजारात गेलो. ते वांगी-टमाटर मांडून बसले होते. मला ओळखलं, शेजारचं पोतं सरकवून बसायला जागा दिली. गिऱ्हाईक गेल्यावर मी सगळं सांगितलं. कॉलेज, भाषण, टाळ्या, जबाबातलं ते वाक्य. काहीच लपवलं नाही.

ते वांग्यांवर पाणी शिंपडत होते. शिंपडून झाल्यावर म्हणाले, "पोट्ट्यांनी दहाव्यालेच सांगतलं होतं, साहेब. पाय धरून रडले दोघंही. तुम्ही कवा येता, तेच पाहून राह्यलो होतो."

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं विचारतात. धाकाने पोरं दारू सोडत नाहीत, दार लावून घेतात. आता कोणी बोलावलं तर मी एवढंच सांगतो की मित्र पडला तर त्याला कुशीवर वळवा, फोन लावा, दारू प्यायलाय म्हणून स्पष्ट सांगा, आणि गुन्हा लागला तर लागू द्या. मागच्या वर्षी हे ऐकून एक प्राचार्य म्हणाले, सर, अशाने मुलांना सूट मिळेल, जरा कडक बोला. मी म्हणालो, कडक मी एकदा बोललो आहे. त्यानंतर त्यांनी मला बोलावलेलं नाही.