तळहातावर पुसलेली वडी

भिंगबाईला लाज ठाऊक नाही, असं तांब्याच्या खाणीच्या प्रयोगशाळेत सगळे म्हणत. जीभच तशी होती तिची. काम मात्र चोख. खाणीच्या दगडात सोनं होतं, पण नावापुरतं. ते नेमकं कोणत्या खनिजाला धरून बसलंय हे कळलं, तर तांब्याबरोबर तेही पदरात पडणार होतं. दगडाचा चुरा रेझिनच्या वडीत बसवून पॉलिशमामा ती वडी चाकावर लख्ख घासायचे आणि भिंगबाई ती मायक्रोस्कोपखाली बघायची.

एकदा तिला वडीमागून वडीत सोनं दिसलं. साहेब हरखले, तिनेही मिरवून घेतलं. पण बाहेरच्या तपासणीत दगडातलं सोनं जेमतेमच निघालं आणि सगळं मुसळ केरात गेलं. खापर कुणाच्या तरी डोक्यावर फोडायलाच हवं होतं.

"मामा, चाकावर कुणाकुणाचे दागिने उजळून देता हो?" ती सगळ्यांदेखत कडाडली. "वरकमाई तुमची आणि त्यांचं सोनं माझ्या वड्यांवर!"

मामांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं मोकळी होती. "बाई, दागिन्यांत हात असता, तर या वयात इथे उभा राहिलो असतो का?"

कोणीतरी फिदीफिदी हसलं. साहेबांनी मामांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

संध्याकाळी तिने त्याच वड्या पुन्हा काढल्या. सवयीने एक तळहातावर पुसली आणि भिंगाखाली धरली. पिवळी रेघ खनिजावरून निघून थेट रेझिनवर गेली होती. दगडातलं सोनं रेझिनवर कशाला जाईल? हे तर पहिल्याच धड्यात शिकवतात. तिने हात उलटा केला. सासूबाईंनी दिलेली सोन्याची अंगठी तळव्याच्या बाजूने झिजली होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

सकाळी मामा एप्रन परत द्यायला आले. तिने त्यांना कोठीच्या खोलीत नेलं आणि कडी लावली.

"मामा, चूक माझ्या अंगठीची... नाही, माझीच. तुमचं काम कुठे जात नाही, साहेबांशी मी बोलते. माफ करा."

मामांनी एप्रनची घडी घातली.

"लबाड म्हणालात ते चारचौघांत," ते म्हणाले. "आणि माफी कडी लावून?"

तिचा चेहरा कानापर्यंत तापला. अंगठी ओढून पाहिली, ती निघेना. तशीच ती बाहेर आली. सगळे कामात होते. "जरा इकडे बघा," ती म्हणाली आणि काल मामांनी केले होते तसे तिने दोन्ही हात पुढे केले.