दोन विद्यार्थिनींचे मुख्याध्यापक

मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, लेखनिक, शिपाई आणि पालक या पाचही जागा एकट्याने भरूनसुद्धा ज्याच्या शाळेत मुख्याध्यापकांचं आणि पालकांचं पटलं नाही, असा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात, म्हणून मी त्यांना तेच म्हणतो आणि तेही मला. राहतात नेरला. गावालगत कापसाचं, तुरीचं शेत आहे. ते त्यांचा भाऊ बघतो, आणि भाऊ कसं बघतो ते साडभाऊ बघतात. मधली काही वर्षं ते पुण्यात एका कंपनीत संगणकावर काम करत होते. काय काम, ते त्यांनी मला अनेकदा समजावून सांगितलं आणि मी अनेकदा समजल्यासारखी मान हलवली. मात्र तिथून येताना एक ठाम श्रद्धा ते घेऊन आले : माणूस जे काही करतो ते सॉफ्टवेअर जास्त चांगलं करतं, आणि करत नसेल तर दोष सॉफ्टवेअरचा नसून सेटिंग न वाचणाऱ्या माणसाचा असतो.

या श्रद्धेची प्रचिती आम्हा सोयऱ्यांना वेळोवेळी येते. शेतातली मोटर त्यांनी मोबाइलला जोडून घेतली होती. फोन केला किंवा लावलेली वेळ झाली की मोटर सुरू, आणि सुरू झाली की तीच उलट फोन करून तसं कळवणार. आमच्या एका भाचीच्या लग्नात भटजींनी 'सावधान' म्हणायला आणि साडभाऊंच्या खिशातून एका बाईने 'आपली मोटर चालू झाली आहे' म्हणायला एकच गाठ पडली. नवरदेव दचकून मागे बघायला लागला. त्या वेळी शेतात धो धो पाऊस पडत होता. पावसात ओलीत कशाला, असं मी विचारलं, तर माझ्या अज्ञानाची कीव करत साडभाऊ म्हणाले, "सिस्टीम चांगलीच आहे जी. पाऊस टायमात आला नाही."

असल्या माणसाचं मुलींच्या शाळेशी बिनसणार हे ठरलेलंच होतं. फक्त कशावरून, एवढाच प्रश्न होता. ते बुटांवरून बिनसलं. शाळेत लेसवाले बूट हवेत असा नियम होता आणि साडभाऊंनी चिकटपट्टीचे आणले होते. लेस बांधण्यात मुलींचा वर्षाकाठी किती वेळ वाया जातो, याचा रंगीत आलेख छापून ते मुख्याध्यापिकाबाईंना भेटायला गेले. बाईंनी तो शांतपणे बघितला, उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "इतकं सगळं कळतं तर तुम्हीच शिकवा ना मुलींना घरी." बाई हे वैतागून म्हणाल्या होत्या. साडभाऊंनी ते नेमणूकपत्र समजून घेतलं. पुढल्याच आठवड्यात पाचवीतली ईश्वरी आणि दुसरीतली ओवी घरी बसल्या आणि नेरात आणखी एका शाळेची भर पडली.

घरी शिकवायचं म्हणजे पुस्तकं घेऊन मुलींशेजारी बसायचं, असं माझ्यासारख्या बाळबोध माणसाला वाटलं असतं. साडभाऊंनी आधी सॉफ्टवेअर घेतलं. ते फुकट होतं, म्हणून उत्तम होतं. आणि मोठमोठ्या शाळांसाठी बनवलेलं होतं, म्हणून तर सर्वोत्तम होतं. ते सॉफ्टवेअर एकेक रकाना भरून मागायचं आणि साडभाऊंना रिकामा रकाना बघवत नाही. शाळेचं नाव, बोधवाक्य, तुकड्या, गणवेशाचा रंग, सगळं त्यांनी भरलं. शाळेच्या बसचा मार्गही भरावा लागतो म्हणून 'निजायची खोली ते मधली खोली, थांबा न्हाणीघर' असा मार्ग मंजूर केला. मी सरकारी कचेरीत केस पांढरे केले आहेत, तरी माणसांपेक्षा पदं जास्त असलेलं कार्यालय मी तोवर बघितलं नव्हतं.

शाळेची घंटा साडभाऊंच्या फोनमध्ये वाजायची. हजेरी टॅबवर बोट ठेवून लागायची. बोटाला तूप असलं की लागायची नाही. मग स्वयंपाकघरात माझ्या मेव्हणीच्या फोनवर संदेश यायचा : 'आदरणीय पालक, आपला पाल्य आज गैरहजर आहे. कारण कळवावे.'

"अवो, ते माझ्यासमोर बसून पोळी खाऊन राह्यली ना!" मेव्हणी तिथूनच ओरडायची.

"मंग कारण टाक," मधल्या खोलीतून मुख्याध्यापकांचं उत्तर यायचं. "जेवण असं लिही. वैयक्तिकमध्ये टाक, आजारपणात नको टाकू."

शिकवायचं काम टॅबमधली एक बाई करायची. आवाज अतिशय गोड, स्वभाव अतिशय शांत, आणि बोली थेट सदाशिव पेठेतली. प्रश्न विचारायची आणि उत्तर तोंडी मागायची. ओवीने पहिल्याच दिवशी उत्साहाने "मले येते!" असं सांगितलं, तर बाई म्हणाली, "क्षमस्व, आपलं उत्तर ओळखता आलं नाही." साडभाऊ मदतीला धावले आणि टॅबजवळ तोंड नेऊन म्हणाले, "काहून नाही ओळखलं?" बाईने क्षणभर विचार केला आणि कासवाची चित्रफीत लावली. ती पूर्ण बघितल्याशिवाय पुढचा धडा उघडेना. तेव्हापासून मुली त्या बाईशी बातम्या दिल्यासारखं बोलायला शिकल्या. आठवड्याभराने ओवीने आईला "मला थोडं पाणी मिळेल का?" असं विचारलं, तेव्हा मेव्हणीने आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

घटक चाचणीचा निकाल लागला तेव्हा दोघीही आपापल्या वर्गात पहिल्या आल्या. वर्गात एकच मुलगी असल्यामुळे दोघी शेवटच्याही आल्या. सॉफ्टवेअरने दोघींना प्रशस्तिपत्र दिलं आणि त्याच दमात मागे पडलेल्या मुलींसाठीच्या जादा वर्गात घातलं. त्यासाठी पालकसभा बोलावली गेली. योगायोगाने मी तिथे हजर होतो. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला साडभाऊ, समोर ओला हात पदराला पुसत मेव्हणी.

"पालकांचं घरी लक्ष दिसत नाही," साडभाऊ गंभीरपणे म्हणाले.

"अन् हे घर कोणाचं हाय?" मेव्हणीने विचारलं.

"सध्या शाळेचं आहे. घर पाच वाजतापासून."

मी चहाचा कप तोंडाला लावून बसलो होतो. कप केव्हाचा रिकामा होता, पण हसू लपवायला घरात दुसरं काही नव्हतं.

या सगळ्या काळात मुली काय करत होत्या, हे आमच्यापैकी कोणी फारसं बघितलं नाही. साडभाऊ सेटिंग बघत होते आणि मी साडभाऊंना बघत होतो. यवतमाळला परत येऊन मित्रांना सांगायला माझ्याकडे दर वेळी नवा किस्सा असायचा. ईश्वरी अलीकडे खिडकीजवळ बसते, एवढंच मेव्हणी एकदा फोनवर बायकोला म्हणाली होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला, मी मुलींसाठी लाकडी बैल घेऊन नेरला गेलो. गल्लीत पोरांची झुंबड होती. कोणाच्या बैलाला झूल, कोणाच्या बैलाच्या गळ्यात घुंगरू. आणि आमच्या दोघी मधल्या खोलीत टॅबसमोर.

"आज सुट्टी नाही का जी?" मी विचारलं.

"सॉफ्टवेअरात तान्हा पोळा नाही," साडभाऊ म्हणाले. "बाहेरच्या लोकायनं बनवलं, त्यायले काय माहीत."

"मंग तुमी टाका ना."

"सत्राच्या मधात सुट्ट्या बदलता येत नाहीत, साडभाऊ. नियम आहे."

"कोणाचा?"

"शाळेचा," ते म्हणाले, आणि स्वतःच जरा अस्वस्थ झाल्यासारखे दिसले.

तेवढ्यात ईश्वरी उठली. फ्रॉक नीट केला आणि वडिलांच्या टेबलासमोर येऊन ताठ उभी राहिली. टॅबमधल्या बाईशी बोलायची तशा आवाजात म्हणाली, "सर, मला शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे."

मला वाटलं, पोरगी गंमत करते आहे. साडभाऊंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी चेहरा मुख्याध्यापकांचा केला आणि म्हणाले, "दाखला असा विद्यार्थ्याच्या हाती देत नसतात. पालकांना घेऊन या."

ईश्वरीने मान डोलावली. मग टेबलाला वळसा घालून त्यांच्याजवळ गेली, त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "चला, पप्पा."

साडभाऊ उठले. ती नेईल तसे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आले आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. समोर मुख्याध्यापकांची खुर्ची रिकामी. बापलेक त्या खुर्चीकडे बघत बसले. बाहेर घुंगरं वाजत होती.

"काय झालं बेटा?" शेवटी साडभाऊंनी विचारलं. "शिकवणं समजत नाही का?"

"समजते."

"मंग?"

"इथं वर्गात बोलली म्हणून मले कोणी रागावत नाही." तिचा आवाज आता घरचा झाला होता. "बोलायलेच कोणी नाही ना पप्पा. ओवी दुसरीत आहे. माझ्या वर्गात मी एकटीच आहो."

स्वयंपाकघराच्या दारात मेव्हणी येऊन उभी होती. साडभाऊंनी टेबलावरचा टॅब उचलला, बराच वेळ काहीतरी शोधलं आणि मग तो पालथा ठेवून दिला. "जा," ते म्हणाले, "काकांनी बैल आणले आहेत. ओवीले पण घेऊन जा."

दोन दिवसांनी ते शाळेत गेले. मला यवतमाळहून बोलावून सोबत नेलं. का, ते सांगितलं नाही. पण निघेपर्यंत ते सदऱ्याच्या बाह्या खालीवर करत होते, त्यावरून मला कळलं. मुख्याध्यापिकाबाई खुर्चीतून उठल्या. वादळाच्या तयारीने उठल्या होत्या, हे स्पष्ट दिसत होतं. आज साडभाऊंच्या हातात आलेख नव्हता. त्यांनी खाली बघत मुलींना परत घ्याल का, एवढंच विचारलं. बाईंनाही बहुधा आपलं ते वाक्य आठवलं असावं. त्या खाली बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुमची शाळा बरी चालली होती, असं ऐकलं."

"शाळा चांगली होती मॅडम," साडभाऊ म्हणाले. "पण मुख्याध्यापकाचं अन् पालकाचं जमलं नाही."

बाई हसल्या आणि शिपायाला चहा सांगितला. त्या चहाबरोबर साडभाऊंनी मोठा अपमान गिळला असेल, अशी माझी समजूत होती. परतताना बघितलं तर माणूस बुटांच्या दुकानासमोर गाडी थांबवून लेसवाले बूट बघत होता, आणि दुकानदाराला मजबूत लेस कुठली, याचे प्रश्न विचारून हैराण करत होता.

आता ईश्वरी आणि ओवी रोज शाळेत जातात. ओवीने 'मला पाणी मिळेल का' सोडून दिलं आहे. माझे किस्से मात्र आटले. मित्र विचारतात, काय म्हणते साडूंची शाळा, आणि माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नसतं. मेव्हणी म्हणते, मुली गेल्या की हे सकाळी शेतावर एक चक्कर मारून येतात, मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन काही आणायचं आहे का विचारतात. नाही म्हटलं तर तिच्यासमोर बसून तुरीच्या शेंगा सोलायला लागतात. दाणे कमी, टरफलंच जास्त पडतात. ती टरफलांतून दाणे वेचून घेते.

परवा दुपारी कचेरीत त्यांचा फोन आला. मला वाटलं, नवीन काहीतरी घेतलं असेल. पण ते जरा घुटमळले आणि म्हणाले, "साडभाऊ, एक विचारायचं होतं. दुपारच्या टायमाले लोकं काय करत असतीन जी?"

इतक्या वर्षांत या माणसाने मला, ज्याचं उत्तर त्याला स्वतःला आधीपासून माहीत नाही असा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता. समोरचा फायलींचा ढीग मी बाजूला सारला. मी म्हटलं, "या ना इकडे. बसा गाडीवर अन् या. चहा घेऊ."

"आता?" ते म्हणाले. "आता नाही जमत जी. पोरी यायचा टाइम होते."