मैनाबाईंची स्वाहिली

शनिवार पेठेतल्या मैनाबाईंनी बावन्नाव्या वर्षी स्वाहिली शिकायला घेतली आणि इमारतीतल्या लोकांना हसायला विषय मिळाला. "आता पोळी-भाजी केंद्र आफ्रिकेत हलवणार वाटतं?" खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी जिन्यात विचारलं. "हलवीन की," मैनाबाई म्हणाल्या, "शेजार तरी बदलेल."

कारण साधं होतं. नवरा गेल्यावर त्यांनी एक खोली टांझानियाहून फार्मसी शिकायला आलेल्या रेहेमाला दिली होती. तिची आई व्हिडिओ कॉलवर मैनाबाईंशी भरभरून बोलायची आणि मैनाबाईंना नुसतं हसत बसावं लागायचं. कुणी बोलावं आणि आपल्याला उत्तर देता येऊ नये, हे त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं.

त्या पोळ्या लाटायच्या आणि रेहेमा शेजारी बसून मोडक्या मराठीत शिकवायची. 'निना' म्हणजे माझ्याकडे आहे. 'सिना' म्हणजे माझ्याकडे नाही. पुढे वस्तूचं नाव लावलं की झालं वाक्य. निना चपाती; चपाती तिकडेही चपातीच. सिना गारी, म्हणजे गाडी नाही. शेवटी 'पिया' जोडलं की 'सुद्धा'. 'तुझ्याकडे आहे का' विचारायचं तर 'ऊना'. तिकडे भावाला काका म्हणतात हे ऐकून मैनाबाई दोन दिवस हसत होत्या.

"ऊना काका?" रेहेमा विचारायची.

"निना काका," मैनाबाई ठसक्यात सांगायच्या. धायरीचे रंगराव त्यांचे थोरले भाऊ.

"ऊना शाम्बा?" शाम्बा म्हणजे शेत.

"सिना शाम्बा."

"पण मावशी, तुम्ही मला दाखवलं. धायरीला, विहीर आहे ते."

"ते वडलांचं."

"वडील तर नाहीत. मग आता कोणाचं?"

"दादाचं," त्या म्हणाल्या आणि हातातलं लाटणं थांबलं. त्या शेतात त्यांनी लग्नाआधी बारा वर्षं खुरपणी केली होती. सातबाऱ्यावर दादाच्या खाली त्यांचंही नाव होतं. तरी 'नाही' किती पटकन तोंडात आलं, याचा त्यांना स्वतःचाच राग आला.

पुढच्याच आठवड्यात दादा साडी घेऊन आले. शेतावर इमारत उभी राहणार होती; बहिणीचं हक्कसोडपत्र तेवढं बाकी होतं. बहिणीने सही करायची, भावाने साडी-चोळी करायची, आणि माहेर टिकायचं, अशी त्यांच्याकडची रीत. दादा समोर बसलेले असताना मैनाबाईंच्या तोंडून नकार निघेना. त्या "बरं" म्हणाल्या आणि रात्रभर स्वतःला बोल लावत राहिल्या.

नोंदणी कार्यालयात त्या ती नवी साडी नेसूनच गेल्या. कारकुनाने कागदावरची नजर न उचलता विचारलं, "हक्क स्वखुशीने सोडताय ना?"

"व्हय व्हय, खुशीनंच," दादा म्हणाले.

"प्रश्न मला आहे," मैनाबाई म्हणाल्या. "नाही सोडत."

कारकुनाने पहिल्यांदाच वर पाहिलं.

"मैने, येडी झालीस का?" दादांचा आवाज खाली आला. "शेत पायजे आसंल तर भाऊ न्हाई राह्यचा तुला."

"साडी भाऊबीजेची असेल तर ठेवते. शेताची असेल तर उद्या धुऊन पाठवते."

दादा उठून चालते झाले. रिक्षात बसल्यावर मैनाबाईंना रडू फुटलं. ह्याच दादाने चिखलातून खांद्यावर बसवून त्यांना शाळेत नेलं होतं. पण रिक्षा परत वळवावी, असं काही त्यांना वाटलं नाही.

घरी रेहेमाची आई फोनवर होतीच. मैनाबाईंचे लाल डोळे तिला पडद्यावर दिसले. मग काहीतरी विचारायचं म्हणून तिने सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "ऊना काका?"

मैनाबाईंनी त्याच साडीच्या पदराने तोंड पुसलं.

"निना काका," त्या म्हणाल्या. "निना शाम्बा पिया."