वळणावरचा कॅमेरा

तापलेल्या ब्रेकचा जळकट वास आला की मला कोराडी रोडवरची एक सकाळ आठवते. आमच्या कॉलनीच्या वळणावर भरधाव ट्रकनं माझ्या बायकोला उडवलं आणि ती जागीच गेली. तेव्हापासून शाळेच्या वेळी मी तिथं लाल रुमाल घेऊन उभा राहायचो. कोळशाची धूळ घशात जायची, पण ट्रक हळू व्हायचे, आणि वीज केंद्राची राख नेणाऱ्या ट्रकचा एक ड्रायव्हर तर रोज मला हात दाखवून जायचा. मग तिथं वेग टिपणारा कॅमेरा लावायची गोष्ट निघाली. कॉलनीच्या बैठकीत एक दुकानदार चिडला, "काकाजी, चालान फाडायचे धंदे सुरू करून राहिले हे, दुसरं काही नाही!" मी उठलो. "खुशाल माझंच चालान फाडा, पण कॅमेरा लावा. अजून कोणाचं घर असं रिकामं नाही झालं पायजे." शेवटी बैठकीनं होकार दिला. कॅमेरा लागला, त्याच्या दुसऱ्या दिवशीही मी सवयीनं गेलो. मी रुमाल उचलायच्या आधीच ट्रक हळू होत होते. तो ओळखीचा ड्रायव्हरही आला, पण त्याची नजर वर कॅमेऱ्याच्या खांबाकडे होती. मी त्याला दिसलोच नाही. मुलाला सोडायला आलेली शेजारीण म्हणाली, "आता काहून उभे राहता काकाजी? घरी जा, आराम करा." मी घरी आलो. त्यानंतर त्या वळणावर कोणी दगावलं नाही, याचं मला खरंच समाधान आहे. फक्त बायकोसाठी रोज करावं असं माझ्याजवळ आता काही उरलेलं नाही.