सत्काराच्या दिवशी बाहेरचं जेवण

प्रल्हाद कानडे रेल्वेत गार्ड होते. भुसावळहून बनारसला बदली झाली तेव्हा एकटेच आले. रामघाटाच्या गल्लीतली टेंब्यांची खानावळ सापडली नसती तर पहिल्याच महिन्यात परत गेलो असतो, असं ते सांगत. पुढच्या ओट्यावर संध्याकाळी भांग आणि ठंडाई, आतल्या खोलीत आमटी-भात. नावाडी, पुरोहित, बँकेतले बाबू, सगळे त्या ओट्यावर टेकून जगाला शिव्या देत. बायको मागाहून आली; ती वारल्यावर तर प्रल्हादकाका दोन्ही वेळा तिथेच जेवू लागले.

आता खानावळ टेंब्यांची मुलगी मुक्ता चालवत होती. चालवत होती म्हणजे, रोज चूल पेटवून वाट बघत होती. यात्रेकरू गेस्ट हाउसच्या गच्चीवर जेवत. गल्लीतली मराठी घरं फोनवरून जेवण मागवत. करोनाच्या दिवसांत याच घरांच्या दारात मुक्तानं डबे नेऊन ठेवले होते. ते कुणालाच आठवत नव्हतं, आणि काकांचं डोकं तिथेच फिरत होतं.

त्यात देवव्रतनं सत्कार काढला. देवव्रत कोपऱ्यावरच्या गेस्ट हाउसचा मालक. "खानावळ बंद व्हायच्या आत मुक्ताताईंचा सन्मान करू, व्हिडिओ पण होईल," असं त्यानं घरोघर सांगितलं.

"बंद होणार हे तुला कुणी सांगितलं?" काकांनी विचारलं.

"काका, सगळ्यांना दिसतंय ना!"

सत्काराला गल्ली लोटली. इतकी माणसं त्या खोलीत कित्येक वर्षांत आली नव्हती. मुक्ताला शाल दिली, नारळ दिला. देवव्रत कॅमेऱ्यासमोर वारसा, परंपरा, आपली संस्कृती असं बराच वेळ बोलला. मग टाळ्या झाल्या, आणि दोन पोरं जेवणाचे डबे घेऊन आत आली. डब्यांवर घाटावरच्या एका नव्या कॅफेचं नाव होतं.

काका उठले. "हे काय?"

"जेवण," देवव्रत म्हणाला. "मुक्ताताईंना आज तकलीफ नको म्हणून."

"खानावळीत बसून बाहेरचं खायचं? आणि तेही तिच्याच सत्काराला?" काकांचा आवाज गल्लीभर गेला. "ती मेली असं समजून तेरावं घालायला आलात का रे? तुमच्यापैकी शेवटचं कोण, कधी जेवलं इथे? सांगा ना कॅमेऱ्यात!"

काकांनी डब्यांची चळत उचलली आणि बाहेर पायरीवर नेऊन ठेवली. देवव्रत चिडला, "बुजुर्ग आहात म्हणून ऐकून घेतो," म्हणत चालता झाला. त्याच्यामागून बरेच गेले.

काका मग मुक्तावर घसरले. "आणि तू शाल घेतलीस कशी?"

"मग काय करू, काका?" मुक्ता ओरडली. "सकाळपासून सगळ्यांसाठी वाटण वाटून ठेवलंय मी! 'रहने दीजिए' म्हणाला तो देवव्रत. तुम्ही एकटे जेवून दुकान चालतं का? आत्ता भांडलात ते ठीक, पण गिऱ्हाइकं तुटायला लागली तेव्हा का नाही भांडलात? तेव्हा ओटा तरी भरलेला असायचा."

खोलीत पाचसहा माणसं उरली होती. त्यांतल्या नीरजानं, शाळेत शिकवणाऱ्या शेजारणीनं, ताटं मांडली. वाटण फोडणीला गेलं. सगळे तिथेच जेवले.

त्यानंतर काका दारोदार भांडत फिरू लागले. ते दिसले की लोक दुसऱ्या गल्लीत वळत. भांडण्याचा फारसा उपयोग झाला नाही. नीरजा आणि तिच्या शाळेतल्या शिक्षिका दुपारी जेवायला येऊ लागल्या, म्हणून आतली खोली वाचली. पुढचा ओटा मात्र मुक्तानं साडीवाल्याला भाड्यानं दिला. ठंडाई बंद झाली.

काका रोज त्या साड्यांच्या गठ्ठ्यांतून वाट काढत आत जातात आणि साडीवाल्याला रोज शिव्या देतात. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरी देतात.